राजेशाही गाडी की डोंगराची गाडी? पैसे भरण्याआधी एवढे पाहा

सुट्ट्यांची आखणी सुरू झाली की वाचकांच्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे, त्यांना डेक्कन ओडिसीने पाठवावे का? भारत गौरव म्हणजे पॅलेस ऑन व्हील्सचीच स्वस्त आवृत्ती का? व्हिस्टाडोमचे तिकीट काढले तर जेवण आणि हॉटेल त्यातच येते का? उटीची गाडी पाहिली, पण ती दातेरी रुळांवर चढलीच नाही, असे का? जाहिरातींमध्ये या सगळ्या गाड्या 'वारसा', 'शाही', 'अविस्मरणीय' अशा एकाच भाषेत विकल्या जातात. प्रत्यक्षात त्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे नियम वेगळे आहेत आणि त्यांत काही बिघडले तर दाद मागण्याची जागाही वेगळी आहे.

आधी चार प्रकार वेगळे करा

- आलिशान पर्यटक गाड्या. पॅलेस ऑन व्हील्स १९८२ मध्ये सुरू झाली, आपली डेक्कन ओडिसी २००४ मध्ये, कर्नाटकची गोल्डन चॅरियट २००८ मध्ये आणि आयआरसीटीसीची महाराजाज एक्सप्रेस २०१० मध्ये. केबिनमध्येच न्हाणीघर, गाडीत उपाहारगृह आणि बार, दिमतीला सेवक. सात रात्रींच्या सहलीचा खर्च लाखांत जातो.
- भारत गौरव गाड्या. २०२१ च्या अखेरीस जाहीर झालेली योजना. डबे नेहमीचेच, म्हणजे स्लीपर, थ्री एसी, टू एसी. प्रवास, जेवण, मुक्काम, बस आणि मार्गदर्शक असे पॅकेज मिळते. तीर्थयात्रा आणि ऐतिहासिक स्थळे हा भर.
- व्हिस्टाडोम डबे. रोजच्या गाडीला जोडलेला, मोठ्या काचांचा आणि काचेच्या छताचा डबा. तुम्ही घेता ते फक्त आसनाचे तिकीट.
- वारसा रेल्वेमार्ग. नेरळ–माथेरान, कालका–शिमला, दार्जिलिंग, निलगिरी. इथे डबा साधाच असतो, मोलाचा असतो तो मार्ग. दार्जिलिंगला १९९९ मध्ये, निलगिरीला २००५ मध्ये आणि कालका–शिमल्याला २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

खिडकीतून काय दिसणार?

आलिशान गाडीचे पत्रक हातात आले की बहुतेक जण केबिनची छायाचित्रे पाहतात. तुम्ही वेळापत्रक पाहा. या गाड्या बव्हंशी रात्री धावतात. सकाळी तुम्ही नव्या गावी जागे होता, न्याहारी करून बसने किल्ला, लेणी, राजवाडा पाहायला जाता, संध्याकाळी परत येता, जेवता, झोपता आणि गाडी पुढे निघते. दुपारचे काही टप्पे दिवसा होतात, पण 'आठवडाभर खिडकीत बसून देश पाहू' ही कल्पना मनात असेल तर ती इथे पुरी होणार नाही.

यात गाडीचा दोष नाही. तिची रचनाच तशी आहे, आणि काही प्रवाशांना ती फार सोयीची पडते. रोज सामान बांधा, हॉटेल बदला, टॅक्सी शोधा हा व्याप ज्यांना झेपत नाही, ज्यांना एका आठवड्यात पाच-सहा शहरे निवांत पाहायची आहेत, ज्यांना उत्तम पाहुणचार हवा आहे आणि खर्चाची चिंता नाही, त्यांनी ही गाडी जरूर घ्यावी. परदेशातून आईवडिलांना भेटायला आलेल्या आणि हाताशी मोजकेच दिवस असलेल्या मुलांनाही ती उपयोगी पडते.

मात्र तुमचे प्रेम रेल्वेवर असेल, म्हणजे घाट, बोगदे, पूल, शिट्टी, वळणावर दिसणारे आपलेच इंजिन यांवर असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: तो पैसा डोंगरातल्या मार्गांवर घाला. आलिशान गाडीत एका माणसाला जेवढे लागतात, तेवढ्यात चौघांचे कुटुंब शिमला, दार्जिलिंग आणि निलगिरी हे तिन्ही मार्ग करून येऊ शकते.

आलिशान गाडी ठरलीच असेल तर हे लेखी विचारा

फोनवर मिळालेले उत्तर मोजू नका. ईमेल पाठवा आणि उत्तर जपून ठेवा.

- दर माणशी आहे की केबिनचा? बहुतेक दर 'दोघांनी केबिन वाटून घेतल्यास माणशी' असे असतात. एकट्या प्रवाशाला बराच जादा भार पडतो.
- जीएसटी धरून की वगळून?
- मद्य, स्पा, धुलाई, स्मारकांची प्रवेश फी, कॅमेऱ्याचे शुल्क यांतले काय समाविष्ट आहे?
- पलंग जोडीचा की दोन वेगळे? गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री अरुंद जागेत उठता-बसता यायला हवे.
- भारतीय प्रवाशांसाठी रुपयांत वेगळा दर आहे का? बरोबर ओसीआय कार्डधारक नातेवाईक असतील तर त्यांना कोणता दर लागू होईल? राष्ट्रीय स्मारकांच्या प्रवेशासाठी ओसीआय धारकांना भारतीयांचाच दर लागतो. गाडीच्या दरांना तो नियम आपोआप लागू होत नाही.
- पुरेसे प्रवासी मिळाले नाहीत आणि फेरी रद्द झाली तर पूर्ण पैसे किती दिवसांत परत मिळणार? गाडी गाठण्यासाठी काढलेल्या विमानाच्या तिकिटाचे काय?
- एखादे स्थळ वगळले गेले तर भरपाई आहे का? 'अपरिहार्य कारणांमुळे कार्यक्रमात बदल होऊ शकतो' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रकात असते. त्याची मर्यादा विचारून घ्या.

स्मारकांच्या सुट्ट्या स्वतः तपासा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, ताजमहाल शुक्रवारी बंद. संयोजक कार्यक्रम त्यानुसारच आखतात, पण गाडी काही तास रखडली आणि भेट दुसऱ्या दिवसावर गेली तर नेमकी हीच सुट्टी आडवी येते.

आठ दिवस आणि एवढा मोठा खर्च झेपत नसेल तर छोट्या फेऱ्याही आहेत. महाराजाज एक्सप्रेसची तीन रात्रींची सहल दिल्लीहून आग्रा, रणथंबोर, जयपूर करून दिल्लीलाच परत येते. गोल्डन चॅरियटचीही तीन रात्रींची सहल आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. सामान मऊ पिशवीत न्या, कठीण मोठ्या सुटकेसला केबिनमध्ये जागा नसते.

भारत गौरव: पत्रकातली बारीक अक्षरे

जून २०२५ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून शिवरायांच्या स्थळांची भारत गौरव यात्रा निघाली. रायगड, पुणे, शिवनेरी, भीमाशंकर, प्रतापगड, कोल्हापूर, पन्हाळा असा कार्यक्रम होता. तेव्हापासून या गाड्यांबद्दलची पत्रे वाढली आहेत. पैशाच्या मानाने सहल चांगली पडते, हे खरेच. पण अपेक्षा नीट ठेवल्या नाहीत तर विरस होतो, आणि तो टाळण्याजोगा असतो.

पहिली गोष्ट, तुम्ही निवडलेला वर्ग फक्त डब्यापुरता नसतो. स्लीपरचे पॅकेज घेतले तर हॉटेलची खोली आणि बसही बहुधा विनावातानुकूलित असते. थ्री एसी किंवा त्याच्या वर गेलात की खोली वातानुकूलित होते. मे-जूनमध्ये ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर दरांतला फरक पाहताना हेही हिशेबात धरा.

दुसरी गोष्ट, 'वॉश अँड चेंज'. पत्रकात हा शब्द दिसला तर त्या दिवशी हॉटेलमध्ये मुक्काम नाही. अंघोळ करून कपडे बदलण्यापुरती खोली मिळेल, तीही इतरांबरोबर वाटून. रात्र गाडीतच काढायची. किती रात्री हॉटेलात आणि किती गाडीत, हे मोजूनच पैसे भरा.

तिसरी गोष्ट पायांची. शिवनेरीला सात दरवाजे ओलांडत चढायचे असते, प्रतापगडालाही पायऱ्या आहेत. रायगडावर रज्जुमार्ग आहे, पण त्याचे तिकीट पॅकेजमध्ये आहे का, हे विचारा. वर चढू न शकणाऱ्या माणसाला पायथ्याशी बसायला सावली, पाणी आणि स्वच्छतागृह मिळेल का, हेही विचारा. हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नका. जेवण शाकाहारी असते, पथ्याचे जेवण लागत असेल तर आरक्षणाच्या वेळीच कळवा. ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळेलच अशी हमी नसते, म्हणून तीही विनंती लेखी करा.

डोंगरातले मार्ग: कोणता तुकडा घ्यायचा?

इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण लोक मार्गाचे नाव पाहून तिकीट काढतात आणि त्या मार्गाचा खरा भाग दुसरीकडेच राहतो.

*निलगिरी.* मेट्टुपालयम ते उटी हा ४६ किलोमीटरचा मार्ग. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे रुळांच्या मधली दातेरी पट्टी. इंजिनाचे दातेरी चाक त्या पट्टीत अडकते आणि साधारण दर बारा फुटांमागे एक फूट असा चढ गाडी चढते, इंजिन मागून ढकलत असते. ही पट्टी फक्त कल्लार ते कुन्नूर या भागात आहे आणि वाफेचे इंजिनही कुन्नूरपर्यंतच असते. कुन्नूर ते उटी डिझेलवर जाते. उटीत उतरलेले पर्यटक सोयीचे म्हणून उटी–कुन्नूर फेरी मारतात. तो प्रवास सुंदर आहे, चहाचे मळे दिसतात, पण दातेरी मार्ग त्यांच्या वाट्याला येत नाही. तो हवा असेल तर आदल्या रात्री मेट्टुपालयम किंवा कोइमतूरला मुक्काम करून सकाळची गाडी धरावी लागते. उटीला पोहोचायला दुपार होते. आसने थोडी, मागणी प्रचंड, त्यामुळे आरक्षण उघडताच तिकीट काढा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पावसाचा काळ. दरड कोसळून फेऱ्या रद्द होतात, तेव्हा त्या महिन्यांत परतीची विमानतिकिटे अगदी काठोकाठ काढू नका.

*दार्जिलिंग.* दोन फुटी रुळांचा न्यू जलपायगुडी–दार्जिलिंग मार्ग ८८ किलोमीटरचा आहे आणि तो पूर्ण करायला जवळजवळ दिवस जातो. बहुतेक पर्यटक घेतात ती दार्जिलिंग–घूम–दार्जिलिंग अशी दोन तासांची आनंदफेरी. बतासिया लूपवर ती थांबते, घूमला संग्रहालय पाहता येते. २,२५८ मीटर उंचीवरचे घूम हे देशातले सर्वांत उंचावरचे रेल्वे स्थानक. आनंदफेरी वाफेच्या आणि डिझेलच्या इंजिनाची वेगवेगळी असते, दरही वेगळे, तेव्हा तिकीट काढताना इंजिन पाहून घ्या. लहान मुले आणि दम्याचे रुग्ण बरोबर असतील तर डिझेलची फेरी बरी, वाफेच्या गाडीत कोळशाचा धूर आणि कण डोळ्यांत जातात. तरुण मंडळींनी मात्र वाफेचीच घ्यावी.

*कालका–शिमला.* १९०३ मध्ये सुरू झालेला हा ९६ किलोमीटरचा मार्ग १०२ बोगद्यांतून जातो. पहिल्यांदा डोंगरी गाडीने जाणाऱ्या कुटुंबाला मी हाच सुचवते. पूर्ण मार्ग एका बैठकीत, पाच-सहा तासांत, दिवसाउजेडी होतो. गाडीचे पर्यायही अनेक आहेत, साध्या डब्यापासून काचेच्या छतापर्यंत. चढताना रेल्वेने आणि उतरताना मोटारीने असा बेत ठेवलात तर वेळ आणि दमणूक दोन्ही वाचते. पावसाळ्यात मात्र इकडे जाऊ नका. ऑगस्ट २०२३ मध्ये समर हिलजवळ रुळांखालचा भराव वाहून गेला होता आणि रूळ हवेत लोंबकळत होते.

*माथेरान.* आपल्या घरची गाडी, आणि तिच्याबद्दलच गैरसमज सर्वांत जास्त. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेला हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. नेरळहून वर जायला अडीच तासांच्या आसपास लागतात. पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरपर्यंत, नेरळ–माथेरान सेवा बंद असते. दुरुस्ती लांबली तर पुढेही. अमन लॉज ते माथेरान ही छोटी शटल मात्र पावसाळ्यातही चालते. 'माथेरानची गाडी चालू आहे का' असे विचारले की 'चालू आहे' असे उत्तर मिळते ते अनेकदा या शटलबद्दलचे असते. म्हणून प्रश्न असा विचारा: नेरळहून सुटते का? तिकिटे मुख्यतः स्टेशनच्या खिडकीवर मिळतात आणि आसने मोजकी असतात. शनिवार-रविवारी पहिल्या गाडीसाठी लवकर रांगेत उभे राहावे लागते, आठवड्याच्या मधल्या दिवशी हा त्रास बराच कमी होतो. तिकीट नाहीच मिळाले तर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाऊन जवळच्या अमन लॉजहून शटल घ्या. मोटारी दस्तुरीच्या पुढे जात नाहीत.

विदर्भातले वाचक शकुंतला या अरुंद रुळांच्या गाडीबद्दल विचारतात. मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर या मार्गांवर ती आज धावत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर बेत आखू नका. अरुंद रुळांच्या गाड्या मुलांना दाखवायच्या असतील तर नागपूरला मोतीबाग येथे नॅरोगेज संग्रहालय आहे.

व्हिस्टाडोम: उजेडाचे गणित

काचेचा डबा अंधारात निरुपयोगी. संध्याकाळी मुंबईहून सुटणारी डेक्कन क्वीन हिवाळ्यात घाटात पोहोचते तोवर बाहेर काही दिसत नाही. घाट पाहायचा असेल तर मुंबईहून सकाळची डेक्कन एक्सप्रेस घ्या, किंवा पुण्याहून सकाळी निघणाऱ्या गाड्या. गोव्यासाठी मुंबई–मडगाव जनशताब्दीने जाताना सगळे कोकण उजेडात दिसते, येताना अर्धा प्रवास अंधारात होतो. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि वेळा बदलतात. जुन्या वेळेवर विसंबून स्टेशन गाठू नका. एका डब्यात साधारण ४४ आसने असतात, त्यामुळे जोडून सुट्ट्या आल्या की ती आधीच भरतात.

दूधसागरबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. कुळे ते कॅसलरॉक घाटात गाडीतून धबधबा पाहा, पण रुळांवर उतरू नका आणि रुळांवरून चालत जाऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पावसात, वळणावर, धबधब्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. पोरांना आवरा.

काही बिघडले तर तुमचे हक्क

नेहमीच्या रेल्वे तिकिटाला रेल्वेचे परताव्याचे नियम लागू होतात. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्हाला जायचे नसेल, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरा, पूर्ण भाडे परत मागता येते. ई-तिकीट काढताना विम्याचा पर्याय समोर येतो, तो निवडा. हप्ता रुपयापेक्षाही कमी आहे. प्रवासातल्या तक्रारीसाठी १३९ हा क्रमांक आणि रेलमदद आहे.

पॅकेजची गोष्ट निराळी. आलिशान गाडी किंवा भारत गौरवला रेल्वेचे हे परताव्याचे कोष्टक आपोआप लागू होत नाही. तुमचा करार सहल विकणाऱ्या संस्थेशी असतो, आणि रद्द करण्याच्या अटी तिच्याच असतात. दिवस जवळ येतील तशी कपात वाढते, शेवटी काहीच परत मिळत नाही. पैसे भरण्याआधी ते पान वाचा. पत्रकाची प्रत, पावती, ईमेल जपा, कारण पत्रकात दिलेली आश्वासने पुढे पुरावा ठरतात. सेवेत कमतरता दिसली तर त्याच दिवशी गाडीच्या व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या आणि तिचे छायाचित्र घ्या. घरी आल्यावर केलेली तोंडी तक्रार कुणी मोजत नाही.

- पहिला टप्पा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.
- दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी दिल्लीला जावे लागत नाही.
- मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.
- मुदत, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

शेवटी फसवणुकीबद्दल. आलिशान गाड्यांच्या नावाने नकली संकेतस्थळे उभी राहतात, निम्म्या दराचे आमिष दाखवतात आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात किंवा यूपीआयवर मागतात. खाते संस्थेच्याच नावाचे आहे का पाहा, जीएसटीचे बिल मागा, एजंटामार्फत घेत असाल तर त्याने दिलेला आरक्षण क्रमांक मूळ संस्थेकडे फोन करून पडताळा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर कळवा, पहिल्या काही तासांत ते गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगराची गाडी धरायची असेल तर दिनदर्शिकेत आताच खूण करा. नेहमीच्या गाड्यांचे आरक्षण प्रवासाच्या दिवसाआधी ६० दिवस उघडते, म्हणजे १ मेच्या गाडीचे २ मार्चला सकाळी ८ वाजता.